डिस्कवरचा गहाळ तुकडा

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. चोरी कुठली आणि आरोपी कुठला, हे आठवायला मला जोर लावावा लागतो. हे एक प्रकरण मात्र मिसळले नाही. त्यातली माणसे, त्यांची बसण्याची जागा, त्यांचे शब्द, सगळे जागच्या जागी आहे.

निवृत्तीला थोडी वर्षे उरली होती. सुरत शहरातल्या एका पोलीस ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. आमचे घर मूळचे नंदुरबारकडचे. वडील उधन्याला मिलमध्ये लागले आणि आम्ही इथलेच झालो. माझी नोकरी गुजरात पोलिसांत, लिहिणे-वाचणे गुजरातीत, पण हद्दीतले अर्धे लोक खानदेशातले असल्यामुळे अहिराणी कानावर रोज पडे. कामात तिचा फार उपयोग होई. माणूस घरच्या भाषेत खोटे बोलताना जरा अडखळतो, हा माझा अनुभव आहे.

हिवाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी आदल्या दिवसाची स्टेशन डायरी वाचत होतो, तेव्हा एका बाईंचा फोन आला. खराब झालेल्या कॉम्प्युटर डिस्कमधून माहिती काढून देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. आमच्याच हद्दीत, मुख्य रस्त्यालगत त्यांची लॅब होती. बाई इंजिनियर होत्या, गुजराती होत्या. त्यांचे बोलणे मी इथे मराठीत देतो.

"साहेब, एका ग्राहकाच्या डिस्कमध्ये काहीतरी दिसलं आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही. आणि ग्राहकाचं गुपित बाहेर सांगते आहे, हे मला स्वतःलाच बरं वाटत नाहीये."

मी डी-स्टाफच्या, म्हणजे ठाण्याच्या तपास पथकाच्या, एका हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत गेलो.

लॅब स्वच्छ होती. बाईंनी आम्हाला बूट बाहेर काढायला लावले. आतल्या खोलीत काचेची बंद पेटी होती, तिच्यात हात घालून काम करायचे. त्यांनी पहिल्यापासून सांगितले. आठवड्यापूर्वी एक मध्यमवयीन माणूस आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली डिस्क त्याने टेबलावर ठेवली. दुकानातल्या सीसीटीव्हीची आहे, खाली पडली, दुकानात चोरी झाली होती त्याचे चित्रण हवे आहे, असे तो म्हणाला.

"चालू करून बघितली का, असं मी आधी विचारते," बाई म्हणाल्या. "लोक इथेच चूक करतात. डिस्क पडली, टक-टक वाजायला लागली, की ती बंद करून ठेवायची. आत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर केसाएवढ्याही नसलेल्या अंतरावर वाचणारं हेड फिरतं. हेड वाकलं की ते तबकडी खरवडतं. जितक्या वेळा चालू कराल तितकी माहिती कायमची जाते. या माणसाने घरी मुलाच्या कॉम्प्युटरला जोडून पुन्हा पुन्हा चालू केली होती."

त्यांनी तशाच मॉडेलची दुसरी डिस्क मिळवली, तिचे चांगले हेड या डिस्कला बसवले आणि जेवढे वाचता येईल तेवढे नव्या डिस्कवर उतरवायला घेतले. चित्रण धडपणे उतरते आहे की नाही हे पाहायला त्यांनी एक-दोन तुकडे चालवले. दुकान कुठे दिसेना. दिसला तो कारखाना.

त्यांनी तो तुकडा आम्हाला दाखवला. लांबट शेड, एका बाजूला बीम रचून ठेवलेले. बीम म्हणजे लूमवर, यंत्रमागावर, चढवायचा सुताचा मोठा रूळ. लोखंडी दांड्यावर गुंडाळलेला, दोघातिघांनाही सहज न हलणारा. साखळीच्या कप्पीने एक बीम वर उचलला जात होता. खाली एक माणूस हाताने त्याला दिशा देत होता. त्याने कानांवरून रुमाल बांधला होता. साखळी सुटली. बीम त्याच्या छातीवर आला. आजूबाजूचे दोघे-तिघे धावले आणि चित्र तिथेच थिजले.

"पुढे?"

"पुढचा भाग तबकडीच्या खरवडलेल्या जागेवर आहे. तो वाचता येत नाही. त्यानंतर एकदम हे येतं."

दुसऱ्या तुकड्यात बाहेर अंधार पडला होता. शेडच्या दाराशी टेम्पो मागे घेतला होता. दोन माणसे चादरीत काहीतरी लांब घेऊन टेम्पोत ठेवताना दिसत होती.

कारखान्यात अपघात होणे ही सुरतेत नवी गोष्ट नाही. जखमीला टेम्पोत घालून दवाखान्यात नेले असेल, असेही म्हणता आले असते. पण दवाखान्यात नेणारा माणूस जखमीला तोंडासकट चादरीत गुंडाळत नाही. शिवाय आमच्या ठाण्यात अशा अपघाताची कुठलीही खबर नव्हती. हवालदाराने आसपासच्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांत चौकशी केली. बीम पडून जखमी झालेला कोणीही दाखल नव्हता.

आम्ही पंच बोलावून डिस्क आणि उतरवलेली प्रत रीतसर जप्त केली, सील केली आणि बाईंचा जबाब घेतला. मूळ डिस्क त्यांनी आणखी चालवू नये, सरकारी प्रयोगशाळेतच पुढचे काम व्हावे, असे ठरले. त्या स्वतःच म्हणाल्या, "आता माझा हात लागला तर उद्या वकील म्हणेल, हिनेच काहीतरी केलं."

राहिला ग्राहक. त्याने दिलेले नाव आणि पत्ता खोटे निघाले, फोन नंबर मात्र खरा होता. काम हवे असलेल्या माणसाला फोन नंबर खोटा देऊन चालत नाही. बाईंनी त्याला कळवले की डिस्क तयार आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला आणि आमच्या माणसांनी त्याला काउंटरवरच ताब्यात घेतले. त्याने पळायचा प्रयत्न केला नाही. गाडीत बसताना एवढेच विचारले, "त्यात काय निघालं?"

तो एका वीव्हिंग युनिटचा, म्हणजे कापड विणण्याच्या कारखान्याचा, सुपरवायझर होता. उधन्याच्या औद्योगिक भागात वीस-पंचवीस माणसांचे युनिट, मालक शेठ सुरतेतच कतारगामला राहणारा. सुपरवायझर साक्रीकडचा, म्हणजे आमच्याच बाजूचा. मी त्याला माझ्या खोलीत बसवले. खुर्ची दिली, चहा मागवला. चौकशीत आरडाओरडा करणाऱ्यांपैकी मी कधीच नव्हतो. घाबरलेला माणूस जे ऐकायचे असेल ते सांगतो आणि ते आपल्या काहीच कामाचे नसते.

"डिस्क कोणाची?"

"आमच्या युनिटची, साहेब. खराब झाली म्हणून दुरुस्तीला दिली."

"मग नाव खोटं का दिलंत?"

त्याने चहाचा कप पुढे ओढला.

"बीम कोणावर पडला?"

"एका कामगारावर. लागलं होतं थोडं. गावी गेला तो. बरा आहे."

"नाव, गाव?"

"हंगामी होता, साहेब. पूर्ण नाव मला ठाऊक नाही."

चहा पिताना त्याचा हात स्थिर होता, पण तो प्रत्येक उत्तरानंतर दाराकडे पाहत होता. कोणीतरी येईल आणि आपल्याला इथून नेईल, अशी आशा असलेली माणसे तसे पाहतात. मी ओळखले की शेठला फोन गेलेला आहे. खरोखरच तासाभरात शेठचा वकील ठाण्यात हजर झाला. वकिलाचे म्हणणे सोपे होते. युनिटमध्ये किरकोळ अपघात झाला, मजुराने तक्रार केली नाही, त्यात पोलिसांचा संबंध काय? तक्रार नाही, जखमी नाही, प्रेत नाही. त्या क्षणी त्याच्या म्हणण्यात तथ्य होते.

आम्हाला तो कामगार हवा होता, जिवंत किंवा मेलेला.

ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या माझ्या रायटर हवालदाराची एक सवय होती. शेजारच्या हद्दींतल्या नोंदी तो फोनवरून विचारून घेत असे. त्याने चित्रणावरच्या तारखेच्या आसपासच्या बेवारस आणि अपघाती मृत्यूंची विचारपूस सुरू केली. संध्याकाळपर्यंत एक नोंद मिळाली. सुरतेबाहेर चलथाणच्या रस्त्यालगत एका माणसाचे प्रेत मिळाले होते. छाती चेपलेली. ऊस हंगाम जोरात होता, तिथल्या साखर कारखान्याकडे उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर रात्रंदिवस धावत होते. अनोळखी वाहनाने धडक दिली असे दिसत होते. पोस्टमॉर्टेममध्येही जड वस्तूने छाती चेपल्याचे आले होते. खिशातल्या कागदांवरून ओळख पटली होती. माणूस उधन्यातला, लूम कामगार.

तिथल्या पोलिसांनी याच युनिटकडेही चौकशी केली होती. युनिटने कळवले होते की तो त्या दिवशी लवकर निघून गेला, चलथाणला ऊसतोडीच्या टोळीत त्याचे कोणी नातेवाईक आहेत त्यांना भेटायला. कागदावर सगळे बसत होते. फक्त त्याच्या बायकोच्या जबाबात एक वाक्य होते, जे इतर कशातच बसत नव्हते. तिने सांगितले होते की चलथाणला आमचे कोणीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीवर गेलो. उधन्यात रेल्वेलाइनच्या बाजूला वस्ती आहे, तिथे एका खोलीत ती दोन मुलींसोबत राहत होती. साड्यांचे लोंबते धागे कापायचे काम घरी आणायची. खोलीत एका बाजूला साड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चूल-भांडी. तिने आम्हाला पाहून कात्री खाली ठेवली. मी अहिराणीत बोललो तेव्हा ती जराशी सैल झाली.

"आम्हनं तठे कोनी नही, साहेब," ती म्हणाली. "मी त्या साहेबलेबी सांगं. त्या कधी तिकडे गयातच नही. काम आनि घर."

आमचे तिथे कोणीही नाही, आणि ते कधी तिकडे गेलेच नाहीत, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. त्या पोलिसांनी लिहून घेतले होते, पण एका बाईला नवऱ्याचे सगळे नातेवाईक ठाऊक असतीलच असे नाही, असे त्यांना वाटले असावे. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही कदाचित तसेच वाटले असते.

चित्रणातल्या माणसाची ओळख पटवण्यासाठी मी तिला ठाण्यात बोलावले. बीम पडण्याच्या आधीचा भाग तेवढा दाखवायचा, असे मी बजावून ठेवले होते. ती शेजारणीला घेऊन आली. मी आत कामात होतो म्हणून दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. त्याच वेळी हवालदार सुपरवायझरला घेऊन व्हरांड्यातून माझ्या खोलीकडे येत होता. हे ठरवून केलेले नव्हते. तपासात काही गोष्टी अशाच जमून येतात.

ती त्याला पाहून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"भाऊ, तुम्ही आठे?" तिने विचारले. तिच्या आवाजात काळजी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, ह्या ते त्यासना सुपरवायझर भाऊ शेतस. यासनीच गाडी करी दिधी व्हती."

मला उलगडा झाला. नवऱ्याचे प्रेत गावी न्यायला गाडी याच माणसाने करून दिली होती. तो स्वतः सोबत गेला होता, स्मशानात लाकडे रचायला उभा राहिला होता, तेराव्यालाही जाऊन आला होता. तिच्या दृष्टीने सुरतेत तिला हा एकच आधार होता. पोलिसांनी त्याला का धरले, याची तिला चिंता लागली होती.

सुपरवायझरने तिच्याकडे पाहिले नाही. भिंतीचा आधार घेऊन तो हळूहळू खाली बसला, अगदी फरशीवर. हवालदाराने त्याला उठवायचा प्रयत्न केला. मी खूण करून थांबवले.

"साहेब, आत चला," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर नको."

आत आल्यावर त्याने सांगितले. बीम पडला. कप्पीची साखळी झिजली होती, बदलायला हवी असे त्याने शेठला अनेकदा सांगितले होते. शेठ त्या वेळी ऑफिसमध्येच होता. तो धावत आला. कामगार जागच्या जागी मेला होता. शेठ म्हणाला, हा माणूस आपल्या हजेरीपटावर नाही, विमा नाही, युनिटला टाळे लागेल, सगळेच उपाशी मराल. इतर कामगारांना त्याने लगेच घरी पाठवले आणि तोंड बंद ठेवायला सांगितले. अंधार पडल्यावर दोघांनी प्रेत टेम्पोत घातले. टेम्पो सुपरवायझरने चालवला. उसाच्या गाड्यांच्या रस्त्यावर ठेवले, शेजारी जेवणाचा डबा ठेवला. मग शेठने डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारी पेटी, उघडून डिस्क काढली, फरशीवर आपटली आणि खाडीत फेकून दे म्हणून त्याच्या हातात दिली.

"मग फेकली का नाहीत?"

"उद्या सगळं माझ्यावर आलं असतं, साहेब. शेठ म्हणाले असते, बीम मीच सोडला."

गुन्हा दाखल झाला. शेठला अटक झाली. तो शांत होता, नम्रही होता. डिस्क जुनी होती, वाजत होती, म्हणून काढून टाकायला सांगितली, असे त्याचे म्हणणे. कामगार जागच्या जागी मेला, आपण घाबरलो, चूक झाली, हे त्याने नंतर मान्य केले. दोघांचे जबाब एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. माझ्या वरिष्ठांचे समाधान झाले. निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणे, एवढ्यावर आरोपपत्र तयार होऊ शकत होते.

मला दोन जबाबांचे तंतोतंत जुळणे आवडत नव्हते. एकच घटना पाहिलेली दोन माणसे थोडे वेगळे बोलतातच. शब्द सारखे आले की ते कोणीतरी दिलेले असतात.

म्हणून मी प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाकडे गेलो. डिस्क त्याच्याकडे पोचून बरेच दिवस झाले होते. शेठच्या जामिनाची सुनावणी जवळ आली होती आणि सरकारी वकील मला रोज फोन करत होते. तो माणूस कामात मुरलेला होता आणि मला अजिबात घाबरत नव्हता.

"मधला भाग कधी मिळेल?" मी विचारले.

"मिळेलच असं मी म्हटलेलं नाही, साहेब."

"सुनावणीच्या आधी एकदा चालवून तर बघा."

"एकदा चालवून बघण्याच्या नादातच हिची ही दशा झाली आहे. त्या माणसाने घरी केलेला प्रत्येक प्रयत्न तबकडीवर दिसतो." त्याने मला मोठा करून काढलेला फोटो दाखवला. चकचकीत तबकडीवर बारीक गोल ओरखडे होते. "सोपं सोपं होतं ते सगळं आधी वाचून घेतलं. आता अवघड भाग. थोडं वाचायचं, अडलं की सोडून द्यायचं, डिस्क बंद करून गार होऊ द्यायची. मग उलट्या बाजूने यायचं. पुढून अडलेलं कधी कधी मागून वाचलं जातं. तुम्हाला तारीख सांभाळायची आहे, मला डिस्क सांभाळायची आहे."

मी परत आलो. सुनावणी झाली आणि शेठला जामीन मिळाला. सुपरवायझरला जामीन मिळाला नाही, कारण त्याच्यासाठी धावपळ करणारे कोणी नव्हते. शेठच्या वकिलाने त्याचे वकीलपत्र तोपर्यंत सोडले होते.

काही आठवड्यांनी तज्ज्ञाचा फोन आला. "या," एवढेच तो म्हणाला.

मिळाले होते ते सलग चित्रण नव्हते. तुटक चित्रे होती, काही अर्धी हिरवट, काहींच्या जागी नुसत्या चौकटी. आवाज तर मुळातच नव्हता. तज्ज्ञाने ती क्रमाने लावली होती. पहिल्या काही चित्रांत बीम बाजूला सारलेला दिसला. पुढच्या चित्रांत तो कामगार भिंतीला टेकून बसलेला होता. शेठ मोबाइल कानाला लावून शेडमध्ये येरझारा घालत होता. मग सुपरवायझर कामगाराजवळ गुडघ्यांवर बसला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. त्याने एका हाताने कामगाराचे डोके धरले आणि बाटली त्याच्या तोंडाला लावली.

"मेलेल्याच्या तोंडातही आपण पाणी घालतो," मी म्हणालो. वकील हेच म्हणणार, हे मला दिसत होते.

"पुढचं बघा," तज्ज्ञ म्हणाला.

पुढच्या चित्रात कामगाराने स्वतःचा हात वर करून बाटली धरली होती.

मी चित्रे पुन्हा पहिल्यापासून पाहिली. चित्रांच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. डीव्हीआरचे घड्याळ चुकीचे असेल, पण दोन चित्रांमधले अंतर चुकीचे नसते. बीम पडल्यानंतर बराच वेळ तो माणूस जिवंत होता. ज्या डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम केले त्यांना मी लेखी विचारणा केली. त्यांनी कळवले की अशा दुखापतीत वेळेवर उपचार मिळाले असते तर जीव वाचण्याची शक्यता होती.

कोर्टाच्या परवानगीने मी तुरुंगात जाऊन सुपरवायझरला भेटलो. तो वाळला होता. मी त्याच्यापुढे ती चित्रे एकेक करून ठेवली. बाटलीच्या चित्रावर तो थांबला.

"हे निघालं म्हणजे," तो म्हणाला. "मला वाटलं होतं हे गेलं."

"तुम्ही म्हणालात, तो जागच्या जागी गेला."

"डिस्क मी याच्यासाठीच ठेवली होती, साहेब. मी त्याला पाणी पाजलं. कधी ना कधी कुणाला तरी ते दिसायला पाहिजे होतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

त्याने चित्र खाली ठेवले. "तो जिवंत होता असं सांगितलं, तर पुढचं सांगावं लागलं असतं."

पुढचे त्याने त्या दिवशी सांगितले. शेठ आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरला फोन करत होता. डॉक्टरने यायला नकार दिला, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला. मोठ्या दवाखान्यात पोलीस केस होते. शेठ म्हणाला, थोडे थांबू, बघू. ते थांबले. कामगार अधूनमधून बोलत होता. "घर लई चाल," मला घरी ने, असे तो सुपरवायझरला म्हणत होता. सुपरवायझर त्याला हो म्हणत राहिला. अंधार पडेपर्यंत त्याचे बोलणे बंद झाले.

"टेम्पोत ठेवलं तेव्हा तो गेलेला होता?"

"शेठ म्हणाले, गेला."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही पाहिलं."

"नाकाशी हात तरी धरलात?"

त्याने चित्रे गोळा करून माझ्याकडे सरकवली. मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. मी त्याला ते स्पष्ट सांगितले. मॅजिस्ट्रेटपुढे जबाब द्यायचा की नाही हे त्याचे त्याने ठरवायचे, दिला तर तो त्याच्याविरुद्धही वापरला जाईल, हेही सांगितले. विचार करायला वेळ घेऊन त्याने जबाब दिला. तपासात सदोष मनुष्यवधाचे कलम वाढले, शेठचा जामीन रद्द झाला. घरी पाठवलेल्या कामगारांपैकी दोघे गावाहून परत येऊन साक्षीला उभे राहिले. चित्रे निघाल्यावर त्यांना धीर आला. साक्षीदाराला आपण एकटेच बोलत नाही हे कळले की तो बोलतो.

खटला चालला. शेठच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे मरताना पाणी घालण्याच्या रिवाजावर बोट ठेवले. तेव्हा कामगाराने हात वर करून बाटली धरल्याचे चित्र तज्ज्ञाने न्यायालयात दाखवले. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले. लॅबवाल्या बाईही साक्षीला आल्या. ग्राहकाची फाईल उघडण्याचा तुम्हाला काय अधिकार, असे त्यांना उलटतपासणीत विचारले गेले. त्या म्हणाल्या, "फाईल चालते का हे बघणं माझं काम आहे. बघितल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही." दोघांनाही शिक्षा झाली, शेठला जास्त, सुपरवायझरला कमी. पुढे अपील झाले. त्याचे काय झाले, ते माझ्या निवृत्तीनंतरचे आहे.

त्या कामगाराची बायको प्रत्येक तारखेला येत असे. ज्या दिवशी ती चित्रे दाखवली गेली त्या दिवशी तिला बाहेर बसायला सांगावे, असे मी सरकारी वकिलांना सुचवले होते. तिने ऐकले नाही. मागच्या बाकावर बसून तिने सगळे पाहिले. दुपारी कोर्ट उठल्यावर ती व्हरांड्यात माझ्याजवळ आली. मोठी मुलगी सोबत होती.

तिने शांतपणे विचारले, "त्या भाऊनी त्यासले पानी पाजं, नही का?"

"हो. पाजलं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. आरोपींना व्हॅनकडे नेत होते, त्यात सुपरवायझर होता. ती त्याच्या दिशेने दोन पावले गेली. शिपायाने तिला अडवले नाही. तिने त्याला शिवी दिली नाही, हातही उगारला नाही. मग ती म्हणाली,

"भाऊ, पानी पाजं ते मी इसरणार नही. पन दवाखाना ते जवयच व्हता ना?"

तो व्हॅनमध्ये चढला.

नोकरीच्या अखेरच्या काळात नव्या पोलीस उपनिरीक्षकांच्या वर्गात मला बोलावत. हे प्रकरण मी त्यांना सांगत असे. खराब डिस्क चालू करून पाहू नका, बंद करून जाणकाराकडे द्या, हे मी प्रथम सांगे. ते सगळे लिहून घेत. मग मी सांगे की आरोपीने अर्धे खरे सांगितले की आपल्याला सुटल्यासारखे वाटते, आणि नेमके तिथे थांबू नका. तेही ते लिहून घेत.

एकदा एका तरुण अधिकारी मुलीने विचारले, "सर, तो सुपरवायझर मुळात चांगला माणूस होता की वाईट?"

मी सांगितले की इतकी वर्षे नोकरी करून मला त्याचे उत्तर देता येत नाही. त्याला तहान दिसली आणि तो पाणी घेऊन धावला. त्याच माणसाने नंतर टेम्पोची किल्ली फिरवली. मधल्या वेळात शेडचे दार उघडे होते, बाहेर रस्त्यावर रिक्षा उभ्या होत्या, आणि त्याला कोणी बांधून ठेवलेले नव्हते. घटनास्थळाचा पंचनामा करताना मी त्या दारातून बाहेर पडून दवाखान्यापर्यंत चालत गेलो होतो. वाटेत एकच वळण लागते. वळणावरून दवाखान्याची पाटी दिसते.